डेट्रॉईट बुडालं म्हणजे नेमकं कोण बुडालं?

डेट्रॉईट म्हणजे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं मोटारींचं शहर. त्याचं नाव निघालं की तेच दोन-तीन फोटो फिरतात. खिडक्या फुटलेलं भलंमोठं रेल्वे स्टेशन, पॅकार्ड या जुन्या मोटार कंपनीचा ओसाड कारखाना आणि गुडघाभर गवतात एकटंच उरलेलं लाकडी घर. मग वाद सुरू होतो, कोणी म्हणतं युनियनवाल्यांनी बुडवलं, कोणी म्हणतं जपानी गाड्यांनी, आणि कोणी सरळ तिथल्या काळ्या लोकांवर खापर फोडून मोकळं होतं. आता तेच स्टेशन फोर्डने विकत घेऊन दुरुस्त केलं, जून २०२४ मध्ये परत उघडलं, तर लगेच "डेट्रॉईट परत आलं" अशा बातम्या.

मला या दोन्ही गोष्टी अर्धवट वाटतात. कारण मोटारींचा धंदा त्या भागातून कधी गेलाच नाही, कंपन्या तिथेच आहेत, इंजिनियर तिथेच आहेत, पुण्याहून बदली होऊन गेलेले आपले लोकही तिथेच आहेत. मग शहराने २०१३ मध्ये दिवाळखोरी का जाहीर केली? हे समजायला शहरात कोण कुठून आलं आणि त्यांना कुठे राहू दिलं, तिथून सुरुवात करावी लागते.

पाच डॉलरची हाक

१९१३ मध्ये हेन्री फोर्डच्या हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली. कामगार एका जागी उभा, गाडी त्याच्यासमोर सरकत येणार, त्याने दिवसभर तोच एक बोल्ट पिळायचा. काम इतकं कंटाळवाणं की माणसं टिकेचनात, एक जागा भरलेली ठेवायला वर्षात तीन-चार माणसं घ्यावी लागत होती. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने आठ तासांना पाच डॉलर जाहीर केले, आधीच्या जवळजवळ दुप्पट. गेटवर इतकी गर्दी झाली की ती पांगवायला कडाक्याच्या थंडीत लोकांवर पाण्याचे फवारे मारले.

पण पाच डॉलर फुकट नव्हते. कंपनीचे इन्स्पेक्टर कामगाराच्या घरी यायचे, दारू पितो का, पैसे साठवतो का, घर स्वच्छ आहे का हे बघायचे, आणि मगच पूर्ण पगार. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी कंपनीची शाळा होती आणि तिच्या पदवीदान समारंभात स्टेजवर चक्क एक मोठा हंडा ठेवलेला असायचा, कामगार आपापल्या देशाच्या कपड्यांत त्यात उतरायचे आणि सूट घालून, हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन बाहेर यायचे. ज्या माणसाने गाव, भाषा, सगळं सोडून यायचं धाडस केलं त्याला असं सगळ्यांसमोर पुसून नवा बनवायचा, हे मला वाचतानासुद्धा टोचतं.

तरी लोक येत राहिले. १९१० मध्ये शहराची लोकसंख्या ४ लाख ६५ हजार होती, १९३० मध्ये १५ लाख ६८ हजार. पोलिश लोक लागूनच्या हॅमट्रॅमक गावात डॉज कारखान्याच्या आसपास वसले, लेबनॉन आणि येमेनमधले अरब शेजारच्या डिअरबॉर्न गावात फोर्डच्या रूज कारखान्याजवळ, मेक्सिकन नैऋत्य भागात. आणि दक्षिणेतल्या राज्यांतून, कापसाच्या शेतांतून आणि तिथल्या दहशतीतून सुटून, काळे लोक. १९१० मध्ये ते डेट्रॉईटमध्ये ६ हजारसुद्धा नव्हते, १९३० पर्यंत १ लाख २० हजार झाले. फोर्डने त्यांना इतर कंपन्यांपेक्षा जास्त संख्येने घेतलं हे खरं, पण बहुतेकांना फाउंड्रीत, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त उष्णता आणि धोका तिथे.

नोकरी मिळाली, घर कुठे?

पोलिश माणूस पैसे साठवून हॅमट्रॅमकमधून बाहेर घर घेऊ शकत होता. काळा माणूस नाही. घरांच्या खरेदीखतातच अट लिहिलेली असायची की ही मालमत्ता गोऱ्यांशिवाय कोणाला विकायची वा भाड्याने द्यायची नाही, आणि १९४८ पर्यंत कोर्टं ती अट पाळायला लावायची. १९२५ मध्ये डॉ. ऑशन स्वीट या काळ्या डॉक्टरने गोऱ्या वस्तीत घर घेतलं तर जमावाने घराला वेढा घालून दगडफेक केली, आतून गोळी सुटली, एक माणूस मेला, आणि स्वीट कुटुंब आणि त्यांच्या मदतीला आलेले मित्र यांच्यावर खुनाचा खटला चालला. क्लॅरेन्स डॅरो हे नामवंत वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले. शेवटी कोणालाच शिक्षा झाली नाही, पण वस्तीला जो निरोप द्यायचा तो देऊन झाला होता.

मग १९३० च्या दशकात सरकार यात उतरलं. मंदीत बँका गृहकर्ज देईनात म्हणून केंद्र सरकारने कर्जाची हमी द्यायला सुरुवात केली, आणि कुठे कर्ज सुरक्षित, कुठे धोक्याचं हे ठरवायला सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा उत्तम, लाल सगळ्यात वाईट. काळे लोक राहतात तो भाग बहुतेक लालच. याला रेडलाइनिंग म्हणतात: माणसाचा पगार किती, फेड करतो का हे न बघता, तो राहतो त्या भागाच्या रंगावरून कर्ज नाकारणं.

याचा सगळ्यात ढळढळीत पुरावा डेट्रॉईटच्या उत्तर टोकाला, एट माइल रोडच्या जवळ अजून उभा आहे. १९४१ मध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण जागा काळ्या वस्तीला लागून, म्हणून सरकारी हमी मिळेना. त्याने मधे सहा फूट उंच, जवळपास अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत बांधली, आणि हमी मिळाली! भिंतीच्या दोन्ही बाजूंची माती तीच, शहर तेच, पण एकीकडच्या माणसाला स्वस्त कर्ज आणि दुसरीकडच्याला नाही. आता वस्तीतल्या लोकांनी तिच्या काही भागावर चित्रं रंगवली आहेत.

आणि घर म्हणजे नुसतं छप्पर नसतं ना, सामान्य माणसाची बहुतेक सगळी बचत घरातच असते, पुढच्या पिढीला शिकवायला, धंदा काढायला त्यातूनच पैसा उभा राहतो. एका समाजाला तीन दशकं ते करू दिलं आणि दुसऱ्याला करू दिलं नाही, तर पुढे काय होणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

हेस्टिंग्ज स्ट्रीट कुठे गेला

म्हणून काळे लोक दाटीवाटीने ब्लॅक बॉटम आणि त्याला लागून असलेल्या पॅराडाइज व्हॅली या भागांत राहिले. घरं जुनी, भाडी जास्त, पण तिथेच त्यांचे दवाखाने, दुकानं, चर्च, हॉटेलं आणि हेस्टिंग्ज स्ट्रीटवरचे ब्लूज-जॅझचे क्लब. दुसऱ्या महायुद्धात कारखाने रणगाडे आणि विमानं बनवायला लागले, आणखी लाखो लोक आले, गोरेही आणि काळेही, घरं मात्र तेवढीच. जून १९४३ च्या दंगलीत ३४ माणसं मेली, त्यात २५ काळी.

युद्धानंतर शहराने ठरवलं की ही झोपडपट्टी आहे, साफ करायची. १९५० च्या दशकात ब्लॅक बॉटम पाडलं, आणि हेस्टिंग्ज स्ट्रीट होता तिथून क्रायस्लर फ्रीवे गेला. त्या फ्रीवेवरून बाहेरच्या उपनगरात राहणारा माणूस सुसाट ऑफिसला येतो आणि संध्याकाळी परत जातो. हटवलेल्या लोकांतले बरेचसे भाडेकरू, त्यामुळे भरपाई घरमालकाला, आणि ते लोक बाराव्या रस्त्याच्या आसपास आधीच भरलेल्या वस्त्यांत घुसले. हा बारावा रस्ता लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता पैशाचं गणित

डेट्रॉईटने आजूबाजूची जमीन शहरात घेणं १९२६ च्या सुमारास थांबलं, त्यानंतर शेजारची गावं स्वतःच स्वतंत्र शहरं बनत गेली. म्हणजे हद्द गोठली, सुमारे ३६० चौरस किलोमीटरवर. पलीकडे गेलं की वेगळी नगरपालिका, वेगळा मालमत्ता कर, वेगळ्या शाळा.

समजा १०० फ्लॅटची सोसायटी आहे. लिफ्ट, पाण्याची टाकी, ड्रेनेज, वॉचमन, आणि निवृत्त झालेल्या वॉचमनला दर महिन्याला द्यायचे कबूल केलेले पैसे. त्यातली साठेक घरं, तीही जास्त पगारवाली, रस्त्यापलीकडे जाऊन स्वतःची नवी सोसायटी काढतात आणि ज्यांना तिकडे जायचंय पण नियमाने घेतलं जात नाही ते मागे राहतात. लिफ्ट तेवढीच, पाइप तेवढेच, आता मेंटेनन्स उरलेल्या चाळीस घरांवर. तो वाढवला की आणखी पाच जण निघतात, नाही वाढवला की लिफ्ट बंद पडते आणि म्हणून पाच जण निघतात.

डेट्रॉईटचं हेच झालं. १९५० मध्ये १८ लाख ४९ हजार लोक, २०१० मध्ये ७ लाख १३ हजार. पण आजूबाजूची उपनगरं धरून सगळ्या महानगर भागाची लोकसंख्या १९७० मध्येही चाळीस लाखांच्या वर होती आणि आजही आहे! लोक संपले नाहीत, हद्दीबाहेर गेले. उपनगरातल्या घरांना सरकारी हमीची कर्जं होती, तिकडे जायला सरकारी पैशाने बांधलेले फ्रीवे होते, आणि कारखानेही तिकडेच चालले होते, कारण नवे कारखाने एकमजली, त्यांना ऐसपैस जमीन लागायची आणि शिवाय कंपन्यांना डेट्रॉईटच्या मजबूत युनियनपासून लांब जायचं होतं. १९४७ ते १९६३ मध्ये शहरातल्या कारखान्यांतल्या सुमारे १ लाख ३४ हजार नोकऱ्या गेल्या.

आपल्यापैकी कोणाचे नातेवाईक "डेट्रॉईटला" असतील तर पत्ता विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर नोव्हाय, ट्रॉय, कँटन किंवा फार्मिंग्टन हिल्स असं येईल. चांगल्या शाळा, नीट रस्ते, गणपतीला भरलेले हॉल, सगळं आहे तिथे. त्यात त्यांचा काही दोष नाही, कोणीही मुलांच्या शाळा बघूनच घर घेतो. पण ही सगळी डेट्रॉईटच्या हद्दीबाहेरची स्वतंत्र शहरं आहेत आणि त्यांचा मालमत्ता कर डेट्रॉईटला जात नाही.

शाळांचंही तसंच. शहर आणि उपनगरं मिळून मुलं एकत्र शिकतील अशी योजना खालच्या कोर्टाने केली होती, ५३ उपनगरी शाळा-विभाग त्यात येणार होते. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती फेटाळली, उपनगरांनी भेदभाव केल्याचं सिद्ध नाही मग त्यांना यात का ओढता, असं म्हणून. त्या निकालाने हद्द पक्की झाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासात तोच दिवस सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचे फोटो कोणी काढले नाहीत.

"पण लोक तर १९६७ च्या दंगलीमुळे पळाले ना?"

हे फार ऐकायला मिळतं. २३ जुलै १९६७ च्या पहाटे पोलिसांनी बाराव्या रस्त्यावरच्या एका विनापरवाना बारवर धाड टाकली, व्हिएतनामहून परत आलेल्या सैनिकांसाठी पार्टी चालली होती. पाच दिवस शहर जळलं, ४३ मेले, सात हजारांवर अटक, लष्कर आणावं लागलं. पोलीस खात्यात बहुतेक सगळे गोरे, त्यांच्या वागणुकीबद्दल काळ्या वस्तीत वर्षानुवर्षांचा राग, आणि त्या रस्त्यावर ब्लॅक बॉटममधून उठवलेल्यांची दाटी.

दंगलीने जाण्याचा वेग वाढला हे खरं आहे. पण १९५० ते १९६० मध्येच शहराची लोकसंख्या जवळपास १ लाख ८० हजारांनी घटली होती, दंगल व्हायच्या कितीतरी आधी. गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरात जाण्याची ही लाट तेव्हाच जोरात होती. दंगलीला मूळ कारण म्हणायचं तर तारखाच जुळत नाहीत.

"आणि युनियन? जपानी गाड्या?"

१९७३ च्या तेल टंचाईनंतर कमी पेट्रोल खाणाऱ्या जपानी गाड्यांनी मोठा फटका दिला, अमेरिकन कंपन्यांनी वेळेत बदल केला नाही, हे मान्यच. त्या काळातला राग किती आंधळा होता बघा, १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला क्रायस्लरचा एक सुपरवायझर आणि त्याचा सावत्र मुलगा यांनी हायलँड पार्कमध्ये बेसबॉल बॅटने मारलं, भांडणात त्यांनी नोकऱ्या जाण्याबद्दल त्याला दोष दिल्याची साक्ष झाली. तो चार दिवसांनी गेला. शिक्षा काय, तर तीन वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी नुसती देखरेख, आणि तीन हजार डॉलर दंड. एक दिवस तुरुंग नाही. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या आशियाई समाजांनी एकत्र येऊन लढायला इथून मोठा जोर आला.

पण नुसत्या गाड्यांच्या धंद्यामुळे शहर बुडालं असतं तर शेजारचा ओकलंड काउंटी, म्हणजे जिल्हाही बुडायला हवा होता, तिथेही गाड्यांवरच पोट. तो मिशिगनमधल्या सगळ्यात श्रीमंत भागांपैकी एक राहिला. आणि वेळ बघा, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या, सरकारी मदतीने उठल्या, २०१३ पर्यंत नफ्यातही आल्या. त्याच २०१३ मध्ये शहर बुडालं.

कंपन्यांसाठी शहराने काय काय दिलं तेही बघायला पाहिजे. १९८१ मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी पोलटाउन नावाची वस्ती सक्तीने घेतली, सुमारे ४,२०० लोक उठवले, पोलिश आणि काळे दोन्ही, दुकानं गेली, चर्च गेली. तिथल्या आज्यांनी चर्चमध्ये ठिय्या दिला, पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तेव्हा हे योग्य ठरवलं आणि २००४ मध्ये, दुसऱ्या खटल्यात, स्वतःचाच तो निकाल चुकीचा म्हणून रद्द केला. पोलटाउनच्या लोकांना त्याचा काय उपयोग?

"नेते खाऊन गेले, त्याचं काय?"

खाल्लं, नाही कोण म्हणतंय. क्वामे किलपॅट्रिक हे २००२ ते २००८ मधले महापौर भ्रष्टाचारात दोषी ठरले, २८ वर्षांची शिक्षा झाली, पुढे २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ती कमी केली. त्यांच्याच काळात पेन्शन फंडाची तूट भरायला शहराने सुमारे १.४ अब्ज डॉलरचं कर्ज काढलं आणि त्याला व्याजदराचे असे करार जोडले की २००८ नंतर दर पडल्यावर शहरच अडकलं. पण कितीही प्रामाणिक महापौर असता तरी चाळीस घरांनी शंभर घरांचा मेंटेनन्स कसा भरायचा हा प्रश्न तसाच राहिला असता, आणि वर राज्य सरकारने शहरांना द्यायचा वाटाही त्याच वर्षांत कमी केला.

शहराची दिवाळखोरी म्हणजे काय होतं

अमेरिकेत चॅप्टर ९ नावाचा कायदा आहे. कंपनी बंद करून तिची मालमत्ता विकता येते, शहर बंद करता येत नाही, त्यामुळे कोर्टाच्या देखरेखीखाली कोणाचे किती पैसे बुडवायचे हे ठरतं. मार्च २०१३ मध्ये राज्यपालांनी केविन ऑर यांना आणीबाणी व्यवस्थापक नेमलं, म्हणजे निवडून आलेल्या महापौराचे आणि नगरसेवकांचे अधिकार एका नेमलेल्या माणसाकडे. १८ जुलै २०१३ ला अर्ज दाखल झाला, अंदाजे १८ अब्ज डॉलर देणं, तोपर्यंत अमेरिकेतल्या कुठल्याही शहराची सगळ्यात मोठी दिवाळखोरी. तेव्हा शहरातले ४० टक्के रस्त्यांवरचे दिवे बंद होते. कामावर असलेल्या एका कर्मचाऱ्यामागे दोन निवृत्त होते.

ज्यांचे शहराकडे पैसे अडकले होते त्यांची नजर शहराच्या कला संग्रहालयावर गेली. तिथे व्हॅन गॉग आहे, ब्रॉयगेल आहे, आणि दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये रूज कारखान्यातल्या कामगारांवर काढलेली भित्तिचित्रं आहेत. चित्रं विकायची की पेन्शन कापायची, असा प्रश्न उभा राहिला. शेवटी खासगी धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून ८० कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी केली, चित्रं वाचली आणि पेन्शनची कपातही आधी ठरत होती त्यापेक्षा कमी झाली. डिसेंबर २०१४ मध्ये शहर बाहेर पडलं, सुमारे ७ अब्ज डॉलर देणं माफ होऊन.

मग आता परत आलं का?

काही गोष्टी खरंच सुधारल्या. दिवे लागले, डाउनटाउन भरलं, २०२३ मध्ये लोकसंख्या १९५७ नंतर पहिल्यांदा किंचित वाढली. हॅमट्रॅमकमध्ये आणि त्याला लागून असलेल्या डेट्रॉईटच्या गल्ल्यांत बांगलादेशी कुटुंबांनी पडकी घरं घेऊन दुरुस्त केली, परसात दुधी आणि पालेभाज्या लावल्या, येमेनी लोकांनी दुकानं काढली, आणि एकेकाळी पोलिश असलेल्या त्या गावाने २०२१ मध्ये संपूर्ण नगर परिषद मुस्लिम निवडून दिली. डिअरबॉर्नमध्ये ऑरव्हिल हबर्ड नावाचे महापौर १९४२ पासून १९७८ पर्यंत, काळ्यांना गावात राहू देणार नाही असं उघड सांगत निवडून येत होते, तिथे २०२१ मध्ये अरब वंशाचे अब्दुल्ला हम्मूद महापौर म्हणून निवडून आले. शहरं भरतात ती अशा लोकांमुळे, आणि स्टेशनच्या बातमीत ते सहसा नसतात.

पण हद्द तिथेच आहे. डेट्रॉईटमधला मालमत्ता कराचा दर अजूनही शेजाऱ्यांपेक्षा जास्त, वर शहराचा २.४ टक्के उत्पन्न कर. आणि दिवाळखोरीचं बिल भरणारेही तेच आहेत, बस चालवलेले, कचरा उचललेले, ऑफिसात फायली सांभाळलेले निवृत्त लोक. त्यांची मूळ पेन्शन ४.५ टक्क्यांनी कापली, दरवर्षीची महागाई वाढ बंद केली, आरोग्य विम्याचा बहुतेक सगळा आधार काढून घेतला. २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ८ टक्क्यांवर गेली तेव्हा त्यांच्या हातात २०१४ चाच आकडा होता.